गोरोंगोझा (मोझांबिक) : रिकामं झालेलं जंगल परत भरताना बघितलं

सावली_जोबर्ग

नमस्कार मंडळी. बरेच महिने इथे नुसतं वाचत होते, आज पहिल्यांदा धागा काढतेय. सप्टेंबरमध्ये मी, नवरा आणि आमची ११ वर्षांची लेक असे तिघं मोझांबिकच्या गोरोंगोझा नॅशनल पार्कमध्ये चार रात्री राहून आलो, आणि परत आल्यापासून ते जंगल डोक्यातून जातच नाहीये. मूळची मी नाशिकची, सहा वर्षं झाली जोहान्सबर्गला राहतोय, त्यामुळे क्रूगर पाच-सहा वेळा झालंय, सिंह, बिबटे, गेंडे सगळं बघून झालंय. पण गोरोंगोझाला समोर जो प्राणी उभा असतो तो तिथे असणं हीच मुळात मोठी गोष्ट आहे, कारण तीस वर्षांपूर्वी तो तिथे जवळजवळ नव्हताच.

थोडी मागची गोष्ट सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. पोर्तुगीजांच्या काळात १९२० मध्ये ही शिकारीसाठी राखीव जागा होती, १९६० मध्ये नॅशनल पार्क झालं. साधारण ४००० चौरस किमी, आफ्रिकेच्या मोठ्या खचदरीचं दक्षिण टोक, मध्ये उरेमा नावाचं सरोवर जे पावसाळ्यात पसरतं आणि कोरड्या दिवसांत आक्रसतं, आणि पश्चिमेला १८६३ मीटर उंच गोरोंगोझा डोंगर, ज्याच्यावरून येणाऱ्या नद्यांवर हे सगळं चालतं. १९६० च्या दशकात इथे जगभरातून लोक यायचे. मग १९७५ मध्ये देश स्वतंत्र झाला आणि दोनच वर्षांत यादवी सुरू झाली ती थेट १९९२ पर्यंत, आणि लढाईचा एक मोठा अड्डा नेमका ह्याच भागात होता. १९८१ च्या डिसेंबरमध्ये पार्कमधल्या चितेंगो कँपवर हल्ला झाला, १९८३ मध्ये पार्क बंदच केलं. सैनिकांना खायला मांस हवं होतं आणि शस्त्रांसाठी हस्तिदंत. आणि वाईट म्हणजे तह झाल्यावर पुढची काही वर्षं शिकार अजून बोकाळली. मोठ्या प्राण्यांपैकी शंभरातले नव्वदच्या वर संपले. हत्ती अडीच हजारांवरून दोनशेच्या आत आले. रानम्हशी १४००० होत्या, त्या बोटावर मोजण्याइतक्या उरल्या.

आता आमच्या पहिल्या संध्याकाळचं सांगते. चितेंगोहून जीप निघाली, अर्धा तास नुसती झाडी, मग पिवळ्या-हिरव्या खोडांची फीवर ट्री लागली (इतकी सुंदर झाडं मी कुठे बघितली नाहीत, खोडावर हळद चोळल्यासारखी दिसतात), ती संपली आणि एकदम सपाट गवताळ मैदान उघडलं, नजर पोचेल तिथपर्यंत. आणि त्या मैदानावर वॉटरबक नावाची मोठी हरणं. शंभर नाही, हजारो. लेक मोजायला लागली आणि सोडून दिलं. मध्ये मध्ये वॉर्टहॉग, इंपाला, ओरिबी, लांब पाण्याच्या कडेला पेलिकन आणि करकोचे, आणि गाडी मात्र आमची एकच, आजूबाजूला दुसरं चाक नाही.

आमचा गाईड चाळिशीतला, पार्कच्या शेजारच्याच गावातला. तो म्हणाला, मी लहान होतो तेव्हा आमच्या घरी जे मांस शिजायचं ते ह्याच मैदानातलं असायचं, कुठून आलं हे कोणी विचारत नव्हतं, भूक होती. हे त्याने अगदी सरळ सांगितलं आणि मग दुर्बीण माझ्या लेकीच्या हातात दिली. मला तिथे काही बोलताच आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी हत्तींचा कळप दिसला. त्याने गाडी बरीच लांब थांबवली, इंजिन बंद केलं, आणि हळू आवाजात म्हणाला, त्या पुढच्या दोघींना बघा. दोघी मोठ्या माद्या, आणि दोघींना सुळेच नाहीत. म्हातारी होती ती कान पसरून दोन पावलं आमच्याकडे आली, डोकं हलवलं, थांबली. गाईड म्हणाला, हिने लढाई बघितलीय. गाडीचा आवाज आणि माणूस म्हणजे काय हे तिला आठवतं, म्हणून आपण इथेच थांबायचं, तिला पटेपर्यंत. आम्ही वीस मिनिटं तसेच बसलो. मग ती वळली आणि पिल्लाला घेऊन झाडीत गेली.

अजून खूप आहे, रानकुत्री, सिंहांचं घर, डोंगरावरची कॉफी. वेळ मिळेल तसं लिहिते. कोणी गेलं असेल तर जरूर सांगा.

कुंदा_ठाणे

सावली, अंगावर काटा आला त्या हत्तिणीचं वाचून. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत. फोटो टाका ना!

ताडोबाचा_चंद्रपूरकर

मस्त धागा. आमच्याकडे वाघ दिसला की दहा मिनिटांत वीस जिप्सी जमतात त्यामुळे "आमची गाडी एकच" हे वाक्य दोनदा वाचलं. मला एक सांगा, हे प्राणी परत आले म्हणजे नेमके कसे आले? बाहेरून आणून सोडले का जे उरले होते त्यांचेच वाढले? कारण मध्य प्रदेशातल्या पन्नामध्ये २००९ मध्ये एकही वाघ उरला नव्हता, मग कान्हा-बांधवगडहून वाघिणी आणि पेंचहून नर आणून सोडले आणि आज तिथे भरपूर वाघ आहेत, ते मी जवळून बघितलंय. कुनोच्या चित्त्यांचंही सगळे जण बघतोच आहोत. पण वाघ किंवा चित्ता सोडायचा म्हणजे आधी खाली चितळ-सांबर पाहिजे. तिथे तर गवतखाऊच संपले होते ना?

सावली_जोबर्ग

@चंद्रपूरकर, अगदी बरोबर ठिकाणी हात घातलात. दोन्ही झालंय. वॉटरबक, वॉर्टहॉग, इंपाला हे थोडेफार उरले होते आणि शिकार थांबल्यावर आपापले वाढले. वॉटरबक लढाईच्या आधी साधारण साडेतीन हजार होते, आता पन्नास हजारांच्या वर आहेत! रानम्हशी आणि वाइल्डबीस्ट मात्र २००६-०७ च्या सुमारास बाहेरून आणून सोडले, आधी मोठ्या कुंपणाच्या जागेत ठेवून मग मोकळे केले. शिकारी प्राणी सगळ्यात शेवटी. सिंह थोडे टिकून होते. रानकुत्री पूर्ण संपली होती, २०१८ मध्ये दक्षिण आफ्रिकेतून १४ जणांची टोळी आणली, पुढच्या वर्षी अजून आणली. बिबट्या २०१८ मध्ये कित्येक वर्षांनी एक नर आपणहून दिसला आणि नंतर मादी आणून सोडली, तरसं त्याच्याही नंतर.

आम्हाला रानकुत्री तिसऱ्या सकाळी दिसली. कोळसून तुम्ही बघितले असतील, त्यांच्यासारखीच टोळीने राहतात पण अंगावर काळे-पिवळे-पांढरे ठिपके आणि कान केवढे मोठ्ठे गोल. अकरा होती, पिल्लं धरून. एकाच्या पायात जरा लंगडेपणा होता, गाईड म्हणाला तारेच्या फासात अडकला असेल. फासे आणि लोखंडी सापळे हा अजूनही मोठा त्रास आहे, इंपालासाठी लावतात आणि सिंह अडकतो. रेंजर लोक हजारोंनी काढतात ते.

आणि एक गंमत सांगते, आमच्या गाईडने सांगितलेली आणि नंतर मी वाचूनही काढली. बिबटे, रानकुत्री नव्हती त्या काळात बुशबक नावाचं हरीण, जे खरं म्हणजे दाट झाडीत लपून राहतं, ते बिनधास्त उघड्या मैदानात चरायला यायला लागलं, खाणं चांगलं मिळतं म्हणून. मग संशोधकांनी तिथे बिबट्याच्या आवाजाचं रेकॉर्डिंग लावलं आणि शिकाऱ्यांची विष्ठा-मूत्राचा वास ठेवला, तर ते परत झाडीत गेलं. म्हणजे भीती नाहीशी झाली की हरणाची राहण्याची पद्धतच बदलते, आणि ते काय खातं, कुठलं झाड वाढतं हे सगळं त्याच्या मागून बदलतं.

ताडोबाचा_चंद्रपूरकर

वा! हे फार मोलाचं सांगितलंत. नुसता आकडा वाढला म्हणजे जंगल बरं झालं असं नाही, कोण कोणाला घाबरतं हे पण परत यावं लागतं. आमच्या बफरमधल्या गुराख्यांना हे बरोबर माहीत असतं.

पेडणेकर

सावलीताई, तुमचा धागा काल रात्री वाचला आणि झोप नाही लागली. मी गोव्याचा, पेडण्याचा. माझे आजोबा १९५० च्या दशकात बैराला गेले, बंदरात कारकून म्हणून, आजीही नंतर गेली, आणि १९७५ मध्ये सगळं सोडून परत आले. त्या काळी गोव्यातले बरेच लोक मोझांबिकला असत, लोरेन्सो मार्किश (आताचं मापुतो) आणि बैरा ही नावं आमच्या घरात म्हापसा-मडगावसारखीच घ्यायचे. आजोबा आता नाहीत. आजी ८९ वर्षांची आहे. आमच्याकडे एक फोटो आहे, काळा-पांढरा, त्यात आजोबा फिकट रंगाच्या हॅटमध्ये आणि मागे एक मोडकं घर, आणि त्या घराच्या गच्चीवर सिंह बसलेत. लहानपणी आम्हाला तो फोटो खोटा वाटायचा. तुम्ही "सिंहांचं घर" लिहिलंत ते तेच का?

सावली_जोबर्ग

पेडणेकर, तेच! कासा दोश लियोंश. १९४० च्या सुमारास तिथे पर्यटकांसाठी पहिला कँप बांधायला घेतला, पण जागा पुराच्या पाण्याखाली जायची म्हणून सोडून दिला, आणि मग सिंहांनी त्या रिकाम्या घरांमध्ये मुक्काम ठोकला, गच्चीवर चढून मैदानावर नजर ठेवायला. ते पार्कचं चिन्हच झालं होतं. आम्ही गेलो तेव्हा भिंती आहेत, जिना आहे, सगळं पडकं आणि झुडपांनी वेढलेलं. सिंह गच्चीवर नव्हते, पण जवळच्या झाडाखाली दोन सिंहिणी होत्या. मी त्या घराचा फोटो काढलाय, आज संध्याकाळी तुम्हाला पाठवते. आजींना नक्की दाखवा आणि त्या काय म्हणतात ते इथे लिहा, प्लीज.

जीवशास्त्रवाली

मी कॉलेजात शिकवते म्हणून सुळे नसलेल्या हत्तिणींबद्दल थोडं, कारण हे उदाहरण मी दर वर्षी वर्गात देते. लढाईच्या आधी गोरोंगोझात साधारण १८.५ टक्के माद्यांना सुळे नव्हते, म्हणजे निसर्गात हे थोडंफार असतंच. शिकार सुळ्यांसाठी होत होती म्हणून सुळेवाल्या जास्त मेल्या, बिनसुळ्याच्या वाचल्या, आणि लढाईनंतर हे प्रमाण जवळजवळ ५१ टक्क्यांवर गेलं. लढाई संपल्यावर जन्मलेल्या माद्यांमध्येही ते ३३ टक्के आहे, म्हणजे आईकडून लेकीकडे आलं. हे संशोधन २०२१ मध्ये सायन्स मासिकात आलं. ह्यामागचा बदल एक्स गुणसूत्रावर आहे. मादीला दोन एक्स असतात त्यामुळे एक बिघडलेला असला तरी ती जगते, फक्त सुळे येत नाहीत. नराला एकच एक्स, त्यामुळे बदललेला वाट्याला आला तर तो गर्भातच जातो. म्हणून तिथे बिनसुळ्याचा नर दिसत नाही आणि अशा आयांना मुलगे कमी होतात. पंधरा वर्षांच्या लढाईने हत्तींच्या पुढच्या पिढ्यांच्या शरीरात खूण सोडलीय ही. वर्गात हे सांगताना पोरं गप्प होतात.

चिपळूणची_वाट

गोरोंगोझात खवले मांजरांसाठी काही काम आहे असं ऐकलं होतं, तुम्हाला दिसलं का? आमच्याकडे चिपळूणच्या भागात गावोगावी लोकांना बरोबर घेऊन खवले मांजर वाचवायचं काम चालू आहे, मी त्यात थोडी फार मदत करते, म्हणून विचारतेय. खवल्यांसाठी जी तस्करी होते ती आफ्रिकेतूनही प्रचंड होते.

सावली_जोबर्ग

हो ताई! २०१८ पासून तिथे तस्करांकडून सोडवलेल्या खवले मांजरांना बरं करून परत रानात सोडतात. आम्हाला एकाबरोबर चालायला मिळालं. म्हणजे असं की ह्या प्राण्याला पिंजऱ्यात वाडग्यात खाणं देऊन चालत नाही, तो मुंग्या आणि वाळवीच खाणार आणि स्वतः शोधून खाणार, म्हणून रोज एक माणूस त्याला रानात घेऊन जातो आणि चार-चार तास त्याच्या मागून चालतो. ते मांजर दोन मागच्या पायांवर, पुढचे पंजे छातीशी धरून, मान खाली घालून चाललेलं, मध्येच थांबून वारूळ उकरतं. राखणारा मुलगा बावीस-तेवीसचा असेल, त्याने सांगितलं की हे आलं तेव्हा एका पोत्यात कोंबलेलं होतं, अंगात पाणी नव्हतं. आमची लेक त्याच्या मागून दोन तास एक शब्द न बोलता चालली. तुमच्या तिथे काम बघायला यायला आवडेल, सुट्टीत येऊ तेव्हा विपू (निरोप) करते.

नंदन_शोधतोय

सगळं छान आहे, पण मला एक खटकतं ते लिहितो, राग मानू नका. हे पार्क एका अमेरिकन श्रीमंत माणसाच्या पैशावर चालतं ना? आफ्रिकेतली जमीन, तिथली माणसं गरीब, आणि बाहेरचा माणूस येऊन ठरवणार की इथे शिकार करायची नाही, इथे सरपण तोडायचं नाही. साहेबांच्या काळात हेच होतं. पार्कच्या भोवती राहणाऱ्यांना काय मिळतं?

सावली_जोबर्ग

नंदन, राग अजिबात नाही, जाण्याआधी मलाही हेच वाटत होतं आणि तिथे मी तेच विचारत फिरले. पैसा ग्रेग कार ह्या अमेरिकन माणसाच्या संस्थेने सुरुवातीला घातला हे खरंय, व्हॉइसमेलच्या धंद्यात कमावलेला पैसा. २००४ मध्ये तो पहिल्यांदा आला, २००८ मध्ये मोझांबिक सरकारशी २० वर्षांचा करार झाला, २०१८ मध्ये तो अजून २५ वर्षांनी वाढवला. पण जमीन सरकारचीच आहे, आणि तिथे काम करणारी बहुतेक सगळी माणसं मोझांबिकची, बरीचशी आजूबाजूच्याच गावातली. वॉर्डन पेड्रो मुआगुरा मोझांबिकचे, हत्तींचा अभ्यास चालवणारी डॉमिनिक गोन्साल्विश बैराची मुलगी. पार्कमध्येच जैवविविधतेची प्रयोगशाळा आहे आणि मोझांबिकच्या मुलामुलींसाठी तिथेच राहून करायचं एमएससी आहे.

भोवती साधारण दोन लाख लोक राहतात. त्यांच्यासाठी आरोग्यसेविका, शाळा, आणि मुलींचे क्लब आहेत. ह्या क्लबचं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. तिथे तेरा-चौदाव्या वर्षी मुलींची लग्नं होतात, बालविवाहबंदीचा कायदा देशात २०१९ मध्ये आला, पण कायद्याने काय होतं हे आपल्यालाही माहितीये. शाळा सुटल्यावर मुली जमतात, वाचतात, खेळतात, आणि शाळा सोडू नये म्हणून कोणीतरी घरी जाऊन बोलतं.

आणि डोंगर. डोंगरावरचं जंगल लोक मका लावायला जाळत होते, जंगल गेलं की नद्या आटणार आणि नद्या आटल्या की खालचं सरोवर. तिथे मुआगुरांच्या डोक्यातून कॉफी आली. कॉफीला सावली लागते, म्हणून कॉफीबरोबर देशी झाडंही लावायची, शेतकऱ्याला पैसा मिळतो आणि डोंगर परत हिरवा होतो. आम्ही वर गेलो होतो, एक बाई रोपांच्या ओळी दाखवत होत्या, म्हणाल्या हे झाड माझ्या नावावर आहे, हे माझ्या मुलीच्या. मका लावणाऱ्या माणसाला नुसतं "तोडू नको" सांगून काही झालं नसतं हे तिथे सगळे मोकळेपणाने बोलतात. तरी तुमचा प्रश्न संपतो असं मी म्हणणार नाही. शेतात हत्ती शिरतात, उभं पीक एका रात्रीत जातं, आणि ज्याचं जातं त्याला हत्ती वाचल्याचा आनंद कसा होईल?

नंदन_शोधतोय

सविस्तर लिहिलंत, आभार. कॉफीचं माहीत नव्हतं. पिकाच्या नुकसानीचं तुम्ही स्वतःहून लिहिलंत हे बरं वाटलं.

दर्यावर्दी

बैराचं नाव आलं म्हणून. मार्च २०१९ मध्ये इदाय चक्रीवादळ बैरावर आदळलं तेव्हा आपल्या नौदलाची सुजाता आणि शार्दूल आणि तटरक्षक दलाचं सारथी ही तीन जहाजं तिकडे वळवली होती आणि मदतीला सगळ्यात आधी पोचलेल्यांत ती होती. माझा एक मित्र त्यातल्या एकावर होता. तो सांगायचा, शहर तर मोडलंच होतं, पण आतल्या भागात मैलोनमैल नुसतं पाणी, समुद्र कुठे संपतो ते कळत नव्हतं.

सावली_जोबर्ग

हे वाचून फार बरं वाटलं. त्या वेळी पार्कचे रेंजर शिकारविरोधी गस्त सोडून बोटीतून आणि हेलिकॉप्टरमधून गावांना धान्य पोचवत होते. आणि त्याच वर्षी १ ऑगस्टला सरकार आणि रेनामो (यादवीत सरकारविरुद्ध लढलेली संघटना) ह्यांनी लढाई थांबवायच्या करारावर सह्या केल्या त्या चितेंगो कँपमध्येच, तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष न्युसी आणि रेनामोचे मोमाडे. जिथे १९८१ मध्ये गोळ्या चालल्या त्याच जागी. आम्ही तिथे सकाळचा चहा प्यायलो, माकडं साखर पळवत होती.

कुंदा_ठाणे

आता आम्हा साठी उलटलेल्यांना जमेल का ते सांगा. जायचं कसं, कधी, शाकाहारी खायला मिळतं का, मलेरिया?

सावली_जोबर्ग

कुंदाताई, नक्की जमेल, चालणं कमी ठेवता येतं. जोहान्सबर्गहून किंवा मापुतोहून बैराला विमान, तिथून गाडीने तीन-चार तास. इन्शोपेपर्यंत मोठा रस्ता, मग उत्तरेकडे वळायचं, खड्डे आहेत, उशी न्या पाठीला. पावसाळ्यात मैदान पाण्याखाली असतं म्हणून डिसेंबरच्या मध्यापासून मार्चपर्यंत नकोच, प्राणी बघायला जुलै ते ऑक्टोबर चांगले, ऑक्टोबरात उकाडा मात्र फार. हिरवं बघायचं असेल तर मे. मलेरियाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून घ्याच, त्यात हयगय नको, आणि संध्याकाळी पूर्ण बाह्यांचे कपडे. शाकाहारी आधी कळवलं तर करतात, भात, घेवड्याची उसळ, आणि मातापा म्हणून एक पदार्थ, कसाव्याची पानं कुटून शेंगदाणे आणि नारळाच्या दुधात शिजवतात (कोळंबी न घालता मागायची), आपल्या अळूच्या फदफद्याची आठवण येते. इंग्रजी कँपमध्ये चालतं, बाहेर पोर्तुगीज. देशाच्या अगदी उत्तरेला, काबो देलगादोमध्ये, अशांतता आहे, ते इथून शेकडो किमी लांब आहे, तरी निघायच्या आधी दूतावासाच्या सूचना बघा. खर्चाचं विपूत सांगते, सीझनप्रमाणे बदलतो.

पेडणेकर

उशीर झाला लिहायला. रविवारी आजीला फोटो दाखवले. सिंहांच्या घराचा तिने लगेच ओळखला, म्हणाली जिना ह्याच बाजूला होता, आम्हाला गाडीतून उतरू देत नव्हते. मग तुमचा तो मैदानाचा फोटो बराच वेळ धरून बसली, चष्मा पुसून परत बघितला. मी म्हटलं आजी, काय झालं? तर म्हणाली, ही हरणं एवढी नव्हती रे तेव्हा. इथे सगळ्या म्हशी असायच्या, काळं दिसायचं सगळं, पाण्यापर्यंत. म्हशी कुठे गेल्या?

मी तिला सगळं सांगितलं, लढाईचं, मग बाहेरून आणून सोडल्याचं. तिने विचारलं, आता किती आहेत. मी म्हटलं सावलीताईंना विचारतो.

सावली_जोबर्ग

आजींना सांगा, आता परत हजारावर गेल्यात. चौथ्या दिवशी संध्याकाळी सरोवराच्या बाजूने एक कळप आला होता, दोनशे तरी असतील, धूळ उडवत. तो फोटो लांबून काढलाय, नीट नाही आला म्हणून टाकला नव्हता. पण कडेला काळं दिसतंय. आत्ता पाठवते.